मानस हॉकीत बॅक केव्हा निवडावा

वाचकहो, हॉकीच्या खेळात गोलाच्या पुढे उभा राहून चेंडू अडवणारा जो गडी बॅक या नावाने ओळखला जातो, तो संघनिवडीच्या वेळी पहिल्या फेरीत निवडावा की शेवटच्या, या प्रश्नाचा साधकबाधक विचार पुढील मजकुरात केलेला आहे. हा विचार मी केवळ पुस्तके चाळून केलेला नाही. त्यापायी माझ्या घराण्याचा मान पणाला लागला, दोन्ही तळहातांची साले निघाली आणि एक चांगली छत्री कणकवलीच्या मैदानावर कामी आली. तेव्हा जे लिहीन ते अनुभवाने लिहीन आणि विषय सोडून कोठेही भरकटणार नाही, अशी ग्वाही प्रारंभीच देतो.

प्रथम मानस हॉकी म्हणजे काय, हे सांगणे प्राप्त आहे. देव्हाऱ्यापुढे बसून गंध, फुले, नैवेद्य हे सारे मनातल्या मनात वाहणे यास मानसपूजा म्हणतात. त्याच न्यायाने, हातात काठी न धरता व मैदानावर पाऊल न ठेवता, दुसऱ्यांनी खेळलेल्या हॉकीवर आपण जिंकणे अथवा हरणे यास मी मानस हॉकी हे नाव दिले. खेळ मात्र भाईने आणला. भाई माझ्याच वयाचा, माझा शेजारी. तो नौदलात बॉयलरवर होता आणि पेन्शन घेऊन गावी आल्यापासून त्याला एका जागी बसवत नव्हते. जहाजावरचे खलाशी म्हणे बंदरातल्या सामन्यांचे खेळाडू कागदावर आपसांत वाटून घेत, आणि ज्याच्या वाट्याचे खेळाडू सरस ठरतील तो जिंके.

हे वाटप आमच्याकडे वाचनालयात झाले, कारण मी ग्रामपंचायतीच्या वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढील शिक्षण वाचनालयाच्या दोन कपाटांनी केले. तिसऱ्या कपाटाची किल्ली हरवल्यामुळे ते थोडे अपुरे राहिले, पण तो विषय वेगळा.

साल १९८४. नव्या जिल्ह्याची नवलाई अद्याप ओसरली नव्हती आणि त्या उत्साहात कणकवलीला गावोगावच्या संघांची हॉकी स्पर्धा मे महिन्यात भरणार होती. भाईने नियम सांगितले. चौघांनी बसायचे, एकेकाने पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडायचा, प्रत्येकाला चार मिळेपर्यंत. आपल्या खेळाडूने गोल केला तर दोन गुण. आपला बॅक ज्या संघात आहे त्या संघावर सामनाभर गोल झाला नाही, तर तीन गुण. चौघांत भाई, मी आणि चहाचे हॉटेल चालवणारा बाबू हे तिघे ठरलेलेच होते. चौथ्या आमच्या शेजारीण हौसाबाई. त्या मुंबईच्या मुलाचे पत्र वाचून घेण्यासाठी आल्या होत्या आणि माणूस कमी पडतो म्हणून बसल्या.

पहिली निवड कोणाची, इथेच खेळ अडला.

"चिठ्ये टाकूया," भाई म्हणाला.

"चिठ्ये कित्याक? मान आसा तो आसा," बाबू म्हणाला. "होळीक पयलो हात आमच्या घराचो."

आमच्या गावात कोणतीही गोष्ट ओळीने करायची म्हटली की ती ओळ आधी देवळात लागते. बाबूच्या घराण्याकडे होळीचा मान, तर माझ्या घराण्याकडे नारळी पौर्णिमेचा. त्या दिवशी सारा गाव किनाऱ्यावर जमतो आणि दर्यात पहिला नारळ आमच्या घरचा जातो. तो गेल्याशिवाय एकही होडी पाण्यात ढकलली जात नाही. नारळ सोडणाऱ्याने कमरेएवढ्या पाण्यात जायचे असते, आणि श्रावणातला दर्या कोणाचे घराणे पाहत नाही. म्हणून सोडणाऱ्याच्या मागे एकाने उभे राहून त्याच्या कमरेचा पंचा घट्ट धरून ठेवण्याची पद्धत आहे. मला पोहता येत नाही व माझे वजनही बेताचे आहे. वडील गेल्यापासून माझा पंचा भाई धरत आला. नौदलात असतानासुद्धा तो त्या सुमारास रजा काढून येई. नारळ मी सोडी आणि गाव माझ्याकडे पाही.

होळीचा मान मोठा की नारळाचा, यावर त्या संध्याकाळी निकाल लागला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही लागेना, तेव्हा हौसाबाई कंटाळून म्हणाल्या, "होळी शिमग्यात झाली. आता फुडे येता ती पुनव. जेचो सण फुडे, तेचो मान पयलो. आणि माजा पत्र कोण वाचतलो?"

अशा रीतीने पहिली निवड माझ्याकडे आली.

आता विषयाचा गाभा येतो. मसुरे संघाचा दाजी परब हा गोल करण्यात कोणास ऐकत नाही, हे गावातल्या म्हशींनासुद्धा ठाऊक होते. तिघेही मी 'दाजी' म्हणण्याची वाट पाहत होते. परंतु मी रात्रभर वेगळा विचार केला होता. गोल करणारे प्रत्येक संघात चार-पाच असतात, गोल अडवणारे दोनच. सर्वजण आधी गोल करणाऱ्यांमागे धावणार आणि भानावर येतील तेव्हा चांगले बॅक उरलेले नसणार. पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बांगडे मनुष्याला ज्या दिवशी आठवतात, त्या दिवशी ते बाजारात नसतात. म्हणून मी खाकरून, स्पष्ट आवाजात, तारकर्ली संघाचा बॅक बाळा खवणेकर याचे नाव घेतले.

बाबूने चहाचा कप खाली ठेवला.

"गुरुदासा," भाई शेवटी म्हणाला, "पयलो मान मिळालो तर लोक नवरो निवडतत. तू मांडवाचो खांब निवडलंस."

"खांब नसलो तर मांडव नवऱ्याच्या डोक्यार पडता," मी म्हणालो.

"पण लगीन खांबाचा लागणा नाय."

बाबू इतका हसला की त्याला ठसका लागला. हौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले, आणि ते अधिक लागले. भाईने तत्काळ दाजी परब घेतला. बाबूने एक वेगवान गडी घेतला. हौसाबाईंनी ज्याची मावशी त्यांच्यासोबत मसुऱ्याच्या जत्रेला येते असा एक गडी घेतला आणि त्याचे पाय बरे आहेत, असे सांगितले. फेरी फिरून माझ्याकडे आली तेव्हा मी कणकवली संघाचा बॅक लवू घेतला. लवू मुंबईला गिरणीत होता आणि सुट्टीवर आलेला होता.

"आणखी एक खांब," भाई म्हणाला. "अरे, चेंडूच्या वाटेत उबो रवणाऱ्याक कोण बगता? तेका गोल माहीत नाय, तेका कोण हार घालणा नाय. बॅक शेवटाक घेवचो, उरलेलो."

इथे माझा तोल गेला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "भाई, माजे बॅक जर हरले, तर ह्या वर्सा पयलो नारळ तू सोड."

यावर भाई हसला नाही.

"बोललंस?"

"बोललंय."

"मगे ठरला," तो म्हणाला, आणि चहा न पिता निघून गेला.

हौसाबाई पत्र पदरात बांधत म्हणाल्या, "देवाचो मान काठयेच्या खेळात घातलंस रे. तुजी आवस आसती तर तुका जेवक वाढूची नाय."

जेवण त्या दिवशी मला मिळाले, पण त्यापूर्वी बातमी घरी पोचलेली होती. माझी पत्नी सरला स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आतूनच बोलली.

"नारळ तुमी सोडतास. पण तेका हळद कोण लायता? सोनेरी कागद कोण चिकटयता? सासूबायन माका शिकवल्यान, ता आता मी भाईच्या बायलेक शिकवू?"

"हरणारच नाय मी," मी म्हणालो.

"खेळणार कोण?"

"तारकर्लीचो बाळा."

"तुमी तेका वळाखतास?"

"नाय."

आत भांडे आपटले. "नारळ जर त्यांच्या घराकडसून गेलो, तर मी किनाऱ्यार पाय ठेवचय नाय," ती म्हणाली. सरला जे बोलते ते करते. हा तिचा गुण मी अन्य प्रसंगी वाखाणलेला आहे.

स्पर्धा सुरू झाली आणि माझी बैठक मोडली. निकाल कळण्याचा मार्ग एकच होता. कणकवलीहून संध्याकाळी येणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर बाबली मैदानाशेजारून येई आणि गोल कोणी केले ते सांगे. गाडी सायंकाळची, पण मी दुपारपासून थांब्यावर फेऱ्या घालू लागलो. वाचक वाचनालयाच्या पायरीवर बसून राहत. एकाने तर घेतलेले पुस्तक परत करण्याऐवजी माझ्या मागे थांब्यापर्यंत आणले. मी ते हातात घेऊन उलट बाजूने फेऱ्या घातल्या.

पहिल्या दिवशी बाबलीने गाडीच्या दारातूनच सांगितले, "मसुऱ्याच्या दाजीन दोन घातल्यान."

"आणि तारकर्ली?"

"तारकर्लीचो सामनो झालो नाय. समोरचो संघच येवक नाय."

मी तत्काळ वाचनालयात येऊन कागदावर तीन गुण मांडले. भाईने ते खोडले. सामना नाही तर बॅक नाही, असे त्याचे म्हणणे. माझे म्हणणे, गोल झाला नाही हे तर निर्विवाद आहे. अखेर कणकवलीच्या स्पर्धा समितीकडून लेखी दाखला आणल्यास गुण मान्य करू, असे भाईने कबूल केले. मी दुसऱ्याच दिवशी सकाळची गाडी पकडली.

समितीचे कार्यालय एका शाळेच्या खोलीत होते. टेबलामागे एक गृहस्थ बसले होते व त्यांच्यापुढे हॉकीच्या काठ्यांचा भारा लाकूडफाट्यासारखा पडला होता.

"कशाचा दाखला हवा?" त्यांनी विचारले.

"तारकर्ली संघावर गोल झाला नाही, याचा."

"सामना झालाच नाही."

"म्हणजे गोल झाला नाही, हे सत्य आहे ना?"

"आहे."

"मग तेवढेच लिहून द्यावे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, त्या दिवशी या मैदानावर कोणाचे लग्नही झाले नाही. त्याचाही दाखला देऊ?"

मी शांतपणे माझी बाजू मांडली. ते म्हणाले, अर्ज दोन प्रतींत करा. मी केला. खेळाडूशी आपले नाते काय, असा त्यात एक रकाना होता. मी पुष्कळ विचार केला आणि लिहिले, 'निवडलेला.' गृहस्थांनी ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि त्यावर आडवी रेघ मारली. नंतर ते म्हणाले की सही सचिवांची लागते, सचिव भाच्याच्या लग्नाला गेले आहेत, आणि परत आल्यावरसुद्धा ते सही करणार नाहीत. मी परतीच्या गाडीत उभा राहून आलो. बसायला जागा होती, पण बसवेना.

त्याच आठवड्यात माझा दुसरा बॅक गेला. लवूची सुट्टी संपली. मी मुंबईच्या गाडीवर त्याला गाठले आणि आणखी काही दिवस राहणे जिल्ह्याच्या दृष्टीने कसे हितावह आहे, ते समजावून सांगू लागलो. त्याच्या आईला वाटले, मी सोडायलाच आलो आहे. तिने माझ्या हातात एक फणस दिला आणि गाडीच्या टपावर चढवायला सांगितले. मी चढवला. फणसामागोमाग लवू गेला. त्याच्या संघावर त्यानंतर प्रत्येक सामन्यात गोल झाले, हे माझ्या सिद्धांताच्या बाजूने नमूद करतो. भाईने ते मानले नाही.

आणि मग तारकर्लीचा दुसरा सामना आला. बाबली त्या संध्याकाळी गाडीतून उतरून माझ्याजवळ आला, तेव्हाच मला काहीतरी वाईट घडल्याचा संशय आला, कारण तो सहसा उतरत नाही.

"तारकर्लीर गोल झालो नाय," तो म्हणाला.

मी सुटकेचा श्वास टाकला.

"पण बाळा खेळाक नव्हतो. रापणीत मासो लागलो, तो थंयच रवलो."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना माणसे लावून ओढायचे लांबच लांब जाळे. त्याला मासा लागला की किनाऱ्यावरचा मनुष्य हॉकीच काय, मयतालाही जात नाही. मी बाबूच्या हॉटेलात शिरलो तेव्हा भाई वाटच पाहत होता.

"गुरुदासा, तुजो बॅक दर्यार होतो आणि गोल झालो नाय. मगे बॅक व्हयो कित्याक, ता माका सांग."

या प्रश्नाला उत्तर आहे. ते मला त्या वेळी सुचले नाही आणि अद्यापही नीट सुचलेले नाही. तीन गुण अर्थातच मिळाले नाहीत. बाबूने मला चहा दिला. साखर जास्त होती. सहानुभूती अशीही व्यक्त होते.

उपांत्य सामन्याच्या दिवशी मी कोणावर विसंबलो नाही. पहाटेच तारकर्लीला गेलो. किनाऱ्यावर पोचतो तो जाळे पाण्यात, दोर खांद्यांवर, आणि माणसे मागे मागे चालत ओढताहेत. बाळा कोण म्हणून विचारले. उंच, सावळा, कमी बोलणारा असा तो तरुण होता. माझा पहिला मान मी प्रथमच पाहत होतो.

"बाळा, कणकवलीक जावचा आसा ना तुका?"

"काका, दोर सोडून गेलंय तर माजो वाटो जातलो. बापूस घरात घेवचो नाय."

"तुजो दोर मी ओढतंय."

त्याने माझ्याकडे खालून वर पाहिले. चप्पल, धोतर, छत्री, चष्मा. "तुमी?"

"मी."

तो कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेला. मी छत्री वाळूत रोवली आणि दोर धरला. पुढचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो, कारण तो मी सविस्तर आठवू इच्छित नाही. पहिल्या हिसक्याला चष्मा गेला, तो एका म्हाताऱ्याने पायाच्या बोटांनी उचलून दिला. दुसऱ्या हिसक्याला धोतर ओले झाले. मागून कोणीतरी म्हणाले, "ग्रंथपालानू, पान उलटूक नाय, दोर ओढूक सांगलो हा." जाळे बाहेर आले तेव्हा माझे तळहात माझे राहिले नव्हते. मात्र रापणीचा कायदा पाळणारी ती माणसे. बाळाचा वाटा त्यांनी बाळाच्या घरी पाठवला आणि दोर ओढणाऱ्याचे म्हणून एक टोपले बांगडे माझ्या डोक्यावर ठेवले.

घरी सरलेने टोपले उतरवून घेतले. तिने बांगड्यांकडे पाहिले, मग माझ्या हातांकडे. खोबरेल घेऊन आली.

"ह्यां हॉकीत गावला?" तिने विचारले.

"एका अर्थी."

"मगे बरो खेळ आसा," ती म्हणाली. त्या महिन्यातले हे तिचे पहिले मऊ वाक्य होते. संध्याकाळी बाबलीने सांगितले की तारकर्ली जिंकली, गोल झाला नाही, बाळा पूर्ण वेळ खेळला. तीन गुण. भाईने ते स्वतःच्या हाताने मांडले.

अंतिम सामना तारकर्ली आणि मसुरे यांच्यात ठरला. बाबू आणि हौसाबाई मागे पडले होते. भाई माझ्यापेक्षा दोन गुणांनी पुढे होता. तारकर्लीवर गोल झाला नाही तर मी जिंकत होतो. दाजीने एक जरी घातला तर नारळ गेला. हिशेब एवढा सोपा होता की तो मनातून जाईना. आम्ही सारे एकाच गाडीने कणकवलीला गेलो. हौसाबाईंनी बरोबर लाडू घेतले होते. सरलाही आली. ती खिडकीशी बसून वाटभर बाहेर पाहत होती.

इथे सांगितले पाहिजे की मी त्यापूर्वी हॉकीचा सामना पाहिलेला नव्हता. सगळे चेंडूकडे पाहत होते, मी फक्त बाळाकडे. तो बहुतेक वेळ उभा होता. काठीने पोटरी खाजवी, वाऱ्याकडे पाही, दोन पावले इकडे, दोन तिकडे. वाचनालयात दुपारी मी असाच असतो. मग एकाएकी दाजी धावत येई, आणि बाळा जेथे उभा असे तेथेच चेंडू येई. तो येणार हे बाळाला कसे कळे, ते मला कळले नाही. काठी आडवी, चेंडू थांबला, पुढे दिला, पुन्हा पोटरी. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या, तळहात दुखले.

वेळ संपत आली आणि गोल झालेला नव्हता. मला खाली बसवेना. मी मैदानाच्या कडेकडेने चालू लागलो. चालता चालता तारकर्लीच्या गोलाच्या खांबापाशी कसा आलो ते ठाऊक नाही. गोलाला जुने मासे धरायचे जाळे बांधलेले होते.

दाजी आला. त्याने बाळाला चुकवले, असे मला वाटले. गोलकीपर आडवा पडलेला होता. त्याच्या अंगावरून चेंडू आत येत होता, माझ्या अगदी समोरून, आणि माझ्या हातात छत्री होती. मी विचार केला नाही. छत्री पुढे घातली. चेंडू मुठीवर लागून बाहेर गेला. छत्रीच्या दोन काड्या मोडल्या.

दोन्ही पंच धावत आले आणि माझ्याभोवती उभे राहिले. त्यांनी नियमांचे पुस्तक उघडले. त्यात छत्रीचा उल्लेख नव्हता. एका पंचाचे मत, खेळ पुन्हा सुरू करावा. दुसऱ्याचे मत, होणारा गोल अडवला गेला आहे, तेव्हा मसुऱ्याला गोलासमोरून एक फटका द्यावा. मसुऱ्याची माणसे मैदानात उतरू लागल्यावर पहिल्या पंचाचे मत बदलले.

दाजीने फटका मारला. गोल झाला. थोड्याच वेळात शिट्टी वाजली.

मी मोडकी छत्री घेऊन उभा होतो. बाळा माझ्याजवळ आला. तो रागावलेला नव्हता, हे अधिक वाईट.

"काका," तो म्हणाला, "मी होतंय मरे थंय. तुमच्या फाटीच. चेंडू माज्याकडेच येय होतो."

मी मागे वळून पाहिले. गोलाच्या रेषेवर, जाळ्याला लागून, त्याच्या पावलांची खूण मातीत होती. पहिल्या मानाने मी त्याला निवडले होते, त्याच्या वाट्याचा दोर ओढला होता, आणि चेंडू आला तेव्हा तो तेथे असेल, एवढेच मला सुचले नव्हते.

परतीच्या गाडीत हौसाबाईंनी मला लाडू दिला. तो मी हातात धरून गावापर्यंत आणला.

पाऊस आला, गेला, पुन्हा आला. मी दिलेला शब्द मागे घ्यावा, असे गावात दोघा-चौघांनी सुचवले. देवाला कौल लावावा, असेही निघाले. मी नको म्हणालो. शब्द माझा होता, देवाचा त्यात काही संबंध नव्हता.

पौर्णिमेच्या सकाळी सरला न्हाऊन आली, नारळ घेतला, हळद लावली, सोनेरी कागद चिकटवला आणि टोपलीत ठेवून भाईच्या घरी स्वतः देऊन आली. "नारळाचो काय दोष?" एवढेच म्हणाली. दुपार कलल्यावर ती किनाऱ्यावरही आली, मात्र पुळणीच्या वाळूत पाय न ठेवता वर माडाखाली थांबली. दिलेल्या शब्दाला धरून.

दर्या उसळलेला होता. भाई नौदलाची पांढरी टोपी घालून, कमरेला नवा पंचा बांधून, नारळ हातात घेऊन पाण्याच्या कडेपर्यंत गेला. सारा गाव त्याच्याकडे पाहत होता. तो तेथे थांबला. लाट त्याच्या पायांवरून गेली, परत आली. तो पुढे जाईना.

मग त्याने मान वळवली. "फाटी कोण रवतलो?" त्याने विचारले.

हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. इतकी वर्षे मागे भाईच असे. बाबू म्हणाला, त्याला पडसे झाले आहे. बाबली म्हणाला, त्याची ड्युटी आहे.

"रवा," भाई म्हणाला. "पयलो तो निवडूचो. नारळ मगे."

त्याने लोकांवरून नजर फिरवली. गावात पोहणारे पुष्कळ होते, धिप्पाडही पुष्कळ. त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"गुरुदासा, ये."

"भाई, माका पोवक येणा नाय."

"माहीत आसा."

"तू माज्या दुप्पट आसस."

"ताय माहीत आसा. पयलोच निवडलंय तुका. मानान ये."

मी चष्मा हौसाबाईंकडे दिला आणि पाण्यात उतरलो. पंचा दोन्ही हातांनी धरला, पाय वाळूत रुतवले, रापणीत शिकलो तसे अंग मागे टाकले. आणि इतक्या वर्षांत मला प्रथमच कळले की मागे उभ्या असलेल्या मनुष्याला नारळ दिसतच नाही. त्याला फक्त एक पाठ दिसते. भाईच्या पाठीवर बॉयलरने भाजल्याचा जुना डाग आहे, तो मी तोवर पाहिलेला नव्हता.

मोठी लाट आली. भाई हेलपाटला. माझ्या नाकातोंडात पाणी गेले, एक चप्पल गेली, तळहातांवरची नवी कातडी पुन्हा सुटली. पंचा सुटला नाही. पुढे नारळ गेला असावा, कारण किनाऱ्यावरून गजर ऐकू आला आणि होड्या ढकलल्याचा आवाज आला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा भाई धापा टाकत म्हणाला, "बरो धरलंस." मग टोपी पिळत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "फुडच्या वर्सा नारळ तुजो. मी फाटी."

सरला माडाखालून पुळणीत उतरून आली होती. तिने पदराने माझे तोंड पुसले.

"दिसलो तुमका नारळ?"

"नाय."

"भाईक इतकी वर्सा दिसूक नाय," ती म्हणाली आणि माझी उरलेली चप्पल उचलून पुढे चालू लागली.

तेव्हा प्रारंभी घेतलेल्या प्रश्नाचा निकाल असा: बॅक पहिल्याच फेरीत निवडावा, यात शंका नाही. मात्र एकदा निवडल्यावर सामन्यास जाताना छत्री घरी ठेवावी.

इतका वेळ एका जागी बसून ज्यांनी हे वाचले, त्यांच्या धीराचे मला कौतुक वाटते, कारण लिहिताना मी स्वतः तितका बसू शकलो नाही. त्या सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे.

गुरुदास रेवंडकर,
ग्रंथपाल